डॅलसपेक्षा दूर कुकटपल्ली

बरकतपुऱ्यातल्या आमच्या मराठी सुहृद मंडळाच्या सभागृहात एकच सोफा आहे. बाकी सगळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. सोफा दोघांचा आहे, त्याच्या बरोबर डोक्यावर मंडळाचा आवाज न करणारा एकमेव पंखा आहे, आणि वार्षिक स्नेहमेळाव्यात त्यावर कुणी बसायचं हा प्रश्न मंडळाने घटनादुरुस्ती करून सोडवलेला आहे. ज्या सभासदाचं अपत्य हैदराबादपासून सर्वांत दूर राहतं, ते आईवडील सोफ्यावर बसतात, समई लावतात, शाल-श्रीफळ घेतात आणि मसालेभाताचं पहिलं ताट त्यांच्यापुढे येतं. याला 'दूरस्थ पालक सन्मान' असं म्हणतात.

यापूर्वी वय हा निकष होता. पण समई लावायला मिळणार म्हणून वय वाढवून सांगणारे पुरुष आणि समई गेली खड्ड्यात म्हणून वय न सांगणाऱ्या बायका, यांच्यामुळे एका वर्षी समई मांडववाल्याने लावली. अंतराचं तसं नाही. अंतर पृथ्वीने ठरवलेलं असतं आणि पृथ्वी आमच्या मंडळाची सभासद नाही.

मी प्रमोद, मंडळाचा चिटणीस. माझी मुलगी रसिका माझ्याच घरात, माझ्या शेजारच्या खोलीत राहते, त्यामुळे या सन्मानाची मला सात जन्मांत आशा नाही. याच कारणाने मी निःपक्षपाती समजला जातो आणि अंतरविषयक सगळं कामकाज माझ्याकडे असतं.

गेली कित्येक वर्षं हा सन्मान मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव यांच्याकडे होता. त्यांचा हर्षवर्धन डॅलसला असतो. भगवंतराव सोफ्याच्या डाव्या बाजूला इतकी वर्षं बसले की तिथे त्यांच्या मापाचा खड्डा पडला. यंदा मात्र हिम्मतरावांची योगिनी न्यूझीलंडात ऑकलंडला स्थायिक झाली आणि हिम्मतराव नातवाचा पृथ्वीचा गोल काखोटीला मारून सभेला आले. खिशात सुतळी होती.

सुतळीने मोजलं तर डॅलस लांब निघालं. हिम्मतराव त्यासाठी तयारच होते. त्यांनी सुतळीचा रस्ता बोटाने सगळ्यांना दाखवला. ती उत्तर ध्रुवाला घासून पलीकडे उतरत होती. हर्षवर्धन हैदराबादला येताना ध्रुवावरून येतो की दोह्यावरून, असा साधा प्रश्न त्यांनी विचारला. दोह्यावरून येतो, असं भगवंतरावांना कबूल करावं लागलं. मग विमान ज्या वाटेने जात नाही ती वाट मोजायची कशाला, म्हणून सुतळी बाद झाली आणि 'प्रत्यक्ष उड्डाणमार्गाचं अंतर' धरायचं ठरलं.

हे ठरल्यावर महिन्याभरात आमच्या सभासदांची मुलं विलक्षण वाटांनी प्रवास करू लागली. लंडनचा एक मुलगा आईच्या आग्रहाखातर सिंगापूरवरून हैदराबादला आला. दुबईची एक सून दुबईहून निघून इस्तंबूलला जाऊन परत दुबईवरूनच आली. तिला खाली आपलं घर दिसलं म्हणतात. ही मंडळी भूगोलाचा खेळखंडोबा करतायत असं सर्वानुमते ठरलं आणि अंतर हा शब्दच घटनेतून काढून टाकून त्या जागी वेळ घालण्यात आली.

वेळेने तर अगदी डोक्याला ताप दिला. योगिनीला मध्ये दोनदा विमान बदलावं लागतं. त्या बसून राहण्याला प्रवास म्हणायचं का? बसून राहिलेलं धरलं तर मग आम्ही सगळेच प्रवासात आहोत, असं भगवंतराव म्हणाले. त्यावर हिम्मतरावांनी हर्षवर्धनचं जुनं तिकीट काढलं. पोरगा इथून गुरुवारी निघाला आणि डॅलसला गुरुवारीच उतरला, म्हणजे कुठला आलाय मोठा प्रवास, तारीखसुद्धा बदलली नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. भगवंतराव म्हणाले की तोच पोरगा इकडे येताना एक अख्खी तारीख खातो, ती कुणाच्या खात्यावर लिहायची? सभा वारंवार तहकूब झाली. शेवटी सभागृहातलं भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटात ठेवण्यात आलं, कारण जो उठे तो त्याच्याकडे बोट दाखवून बोलायला लागे.

या गोंधळातून मार्ग मी काढला, हे नम्रपणे नमूद करतो. मी 'उंबरठा ते उंबरठा' हे कलम लिहिलं. प्रवास विमानात सुरू होत नाही, घरातून सुरू होतो. आणि विमानतळावर संपत नाही, आईबापाच्या दारात संपतो. शेवट सोपा होता: आईवडिलांच्या उंबरठ्यावर अपत्याने पायातलं पादत्राण काढलं की प्रवास संपला. सुरुवातीची मात्र पंचाईत होती. मूल डॅलसच्या घरातून बाहेर पडलं की नाही हे बरकतपुऱ्यात बसून बघणार कोण? तेव्हा मी लिहिलं की, ज्या क्षणी अपत्य आईवडिलांना फोनवर 'निघालो' असं कळवील, त्या क्षणी प्रवास सुरू झाला असं मानण्यात येईल. आईवडिलांनी पोराच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणाच्या ठेवायचा, असं मी वर बोललोही. टाळ्या पडल्या. कलम मंजूर झालं. भगवंतराव आणि हिम्मतराव दोघेही खूश होते, कारण दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटत होतं.

आणि मग 'ऐनवेळचे विषय' पुकारल्यावर श्रीकांतराव देगलूरकर उभे राहिले.

श्रीकांतराव पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. मंडळात ते पाण्याच्या जारशेजारच्या खुर्चीवर बसतात आणि जो येईल त्याला पेला भरून देतात. त्यांचा एकुलता एक तेजस कुकटपल्लीला राहतो. म्हणजे याच शहरात. मुलगा कुठे असतो असं कुणी विचारलं की श्रीकांतराव 'इथंच' म्हणायचे आणि पेला पुढे करायचे. मेळाव्याला त्यांची बसायची जागा स्वयंपाकघराच्या दाराजवळ, जिथून ताटं बाहेर जातात पण थांबत नाहीत. त्यांना सभेत बोलताना मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

"नाही, मी काय म्हणतो," ते म्हणाले, "आमचा तेजस संक्रांतीला निघालो म्हणाला होता. तो अजून यायचाय की."

सभा गणपतीनंतरची होती.

इथे हैदराबादची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे माणूस आंघोळीला गेला की निघाला असं धरतात. कपडे घालून झाले की तो अर्ध्या वाटेवर असतो, आणि लिफ्टचं बटण दाबलं की 'पोचलोच'. यात कुणी कुणाला फसवत नाही. ऐकणाराही तेवढ्या हिशेबाने उशिराच वाट बघायला लागतो. शिवाय कुकटपल्लीहून बरकतपुऱ्याच्या वाटेवर अमीरपेठ आणि पंजागुट्टा हे कायम तुंबलेले चौक आहेत, त्यामुळे निघालेल्या माणसाबद्दल कुणी वाईट बोलत नाही. मेट्रो आहे. पण मेट्रोची अडचण अशी की तिच्यात बसलेला माणूस पोचतो, म्हणून तरुण मंडळी गाडीच बरी समजतात.

हिम्मतरावांनी हरकत घेतली की संक्रांतीनंतर तेजसने पुन्हा कधी 'निघालो' म्हटलं असेल तर मोजणी तिथून सुरू करावी लागेल. श्रीकांतराव म्हणाले, म्हटलं की, बहुतेक रविवारी म्हणतो. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी चष्मा पुसला. मधल्या काळात पादत्राण काढल्याची नोंद नसल्यामुळे पुढचे सर्व 'निघालो' हे मूळ प्रवासाचेच भाग ठरतात, असा निर्णय मी दिला. मला दुसरं काही करताच आलं नसतं, कलम मीच लिहिलं होतं.

खातरजमा म्हणून भगवंतरावांनी तेजसला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तेजसने फोन लगेच घेतला.

"हौ काका, बाबांकडंच निघालोय ना. रस्त्यातच है. एर्रागड्ड्याला क्या की लई जाम आहे."

मागे कुकरची शिट्टी झाली. हिम्मतरावांनी हे काय वाजलं म्हणून विचारलं.

"समोर ट्रक आहे काका," तेजस म्हणाला. "दहा मिनटं, बस."

 प्रवास चालू असल्याची साक्ष खुद्द प्रवाशाने दिली होती. मी इतिवृत्तात लिहिलं: यंदाच्या वर्षी मंडळाच्या कुटुंबांतील सर्वांत दीर्घ प्रवास कुकटपल्ली ते बरकतपुरा हा असून तो अद्याप सुरू आहे. श्रीकांतरावांनी पुन्हा बसताना हातातला पेला स्वतःच पिऊन टाकला.

या निर्णयाने मंडळातली सगळी घडीच विस्कटली. भगवंतरावांनी त्याच रात्री डॅलसला फोन करून हर्षवर्धनला नुसतं 'निघालो' म्हणायला सांगितलं. तो म्हणाला, बाबा, मी अजून तिकीटसुद्धा काढलं नाही, निघालो कसं म्हणू? भगवंतरावांनी आयुष्यभर पोराच्या अमेरिकेचं कौतुक केलं होतं. परदेशात राहून माणूस पार बिघडतो, असं ते आता पहिल्यांदाच म्हणाले. योगिनीने ऑकलंडहून 'निघाले' म्हणून सांगितलं खरं, पण तिला आईची खरोखरच आठवण आली आणि ती तीन दिवसांत दारात उभी राहिली. हिम्मतरावांनी लेकीला जवळ घेतलं, पण आठवडाभर ते तिच्याशी धड बोलले नाहीत.

सर्वांत हाल मलकपेठच्या कुसुमताईंचे झाले. त्यांची लेक पुढच्याच गल्लीत दिलेली. ती सकाळी कढीपत्ता न्यायला येते आणि संध्याकाळी कढी घेऊन येते. निघाले असं ती कधी म्हणतच नाही, सरळ येते. कुसुमताईंनी तिला समजावून पाहिलं की अगं, निदान दोन दिवस तरी नुसतं म्हण आणि येऊ नकोस, लोकांत चार बायका विचारतात. लेक म्हणाली, मग कढीपत्ता?

निमंत्रणपत्रिका छापायच्या आधी सन्मानमूर्तींचा फोटो घ्यायचा असतो, म्हणून मी देगलूरकरांकडे गेलो. रंजनाताई ओट्यापाशी धपाटे थापत होत्या. श्रीकांतराव बाहेरच्या खोलीत आरशासमोर दोन जाकिटं आलटून पालटून घालून बघत होते. रविवार होता. सकाळी तेजसचा फोन आला होता की निघालो.

रंजनाताईंची पद्धत अशी की फोन आला की तवा चढतो. तेजसला धपाटे तव्यावरून थेट ताटात लागतात, लोण्याबरोबर. दुपारी चारपर्यंत वाट बघायची आणि मग डबा खालच्या वॉचमनला द्यायचा. तो नलगोंड्याकडचा माणूस. सुरुवातीला नको नको म्हणायचा, आता रविवारी आपलं दही घेऊन तयार बसतो आणि तीळ कमी पडले तर सांगतो.

मी अभिनंदन केलं तेव्हा रंजनाताईंनी गॅस बारीक केला.

"भावजी, माझं लेकरू संक्रांतीपासून माझ्या दारात आलं नाही. मला वाईट वाटतं. आणि तुम्ही मंडळात त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या."

मी म्हणालो की टाळ्या कलमाला होत्या. त्यांनी पुढचा धपाटा तव्यावर टाकला. मग म्हणाल्या, सोफा, शाल, पंखा, सगळं ह्यांना लखलाभ. मला तो एकदा येऊन जेवून गेला की पुरे. श्रीकांतरावांनी बाहेरून विचारलं की निळं जाकीट की तपकिरी. आतून धपाटा उलटल्याचा आवाज आला, म्हणून मीच निळं म्हणालो.

घोटाळा झाला तो पत्रिकेमुळे. पत्रिका मी सगळ्यांना फोनवर पाठवली, त्यात तेजसही होता. त्याला मराठी बोलता येतं, वाचताना मात्र तो जोडाक्षराशी थांबतो. मृण्मयीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला ती वाचून दाखवली. ती पुण्याची, तिचं वाचन स्पष्ट. 'संक्रांतीस कुकटपल्लीहून प्रस्थान ठेवलेले व अद्याप मार्गस्थ असलेले चि. तेजस यांचे माता-पिता' एवढं वाचून झाल्यावर तिने फोन खाली ठेवला आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हे मला पुढे तिनेच सांगितलं. तेजसला म्हणे इतकी लाज वाटली की तो उठून गाडीची किल्ली शोधू लागला. ती सापडायला वेळ लागला, कारण रविवारी ती कधी लागलीच नव्हती.

मेळावा दसऱ्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी होता. सकाळी तेजसचा फोन आला, निघालो. श्रीकांतराव निर्धास्त झाले. निघालो म्हणाला म्हणजे येत नाही, याची त्यांना आता खात्री होती. फोनच आला नसता तर ते काळजीत पडले असते. रंजनाताईंनी मात्र नेहमीप्रमाणे तवा चढवला. दुपारी तेजसचा पुन्हा फोन आला की पंजागुट्ट्याला अडकलोय, आणि या खेपेला तो खरोखरच पंजागुट्ट्याला अडकलेला होता.

सन्मानमूर्तींना रिक्षाने सन्मानपूर्वक आणायचं असा मंडळाचा प्रघात आहे. मी संध्याकाळी रिक्षा खाली थांबवून त्यांच्या मजल्यावर पोचलो, तर दारात ही सगळी मंडळी उभी. तेजस, मृण्मयी, त्यांची छोटी मुलगी आणि हातात मिठाईचा डबा. श्रीकांतराव निळं जाकीट घालून दार अडवून उभे होते. तेजस एका पायावर वाकून बुटाची नाडी सोडत होता.

"बूट काढू नकोस," श्रीकांतराव ओरडले. त्या सौम्य माणसाचा तेवढा मोठा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

तेजस एका पायावरच थांबला. श्रीकांतराव माझ्याकडे वळले आणि मला कलम वाचायला लावलं. मी वाचलं. पादत्राण पायात आहे आणि पाऊल उंबरठ्याबाहेर आहे तोवर प्रवास चालू आहे, यात शंकेला जागा नव्हती. तांत्रिकदृष्ट्या तेजस आलेला नव्हता.

"बाबा, मी आलोय ना," तेजस म्हणाला. "हे बघा, समोर उभा है मी."

"तू रस्त्यात आहेस," श्रीकांतराव म्हणाले. "नऊ महिने तूच सांगतोस. आता फक्त दोन तास आणखी राहा रस्त्यात. माझं एवढं ऐक. नंतर काढ बूट."

 मला त्यांची दया आली, हे कबूल करायला हवं. स्वयंपाकघराच्या दाराशी बसून दुसऱ्यांची ताटं जाताना बघणं काय असतं ते मला ठाऊक आहे. माझी खुर्ची त्यांच्या शेजारचीच. नात 'आजी, शू' म्हणून आत पळाली. तिची काही अडचण नव्हती, नातवंडांचा कलमात उल्लेख नाही. मृण्मयीनेही सँडल काढून आत पाऊल टाकलं. सुनेचा प्रवास वेगळा मोजतात. राहिला तेजस. तो बाहेर पायपुसण्यावरच उभा राहिला.

तेवढ्यात रंजनाताई आतून आल्या. नेसलेली पैठणी, त्यावर स्वयंपाकाचा रुमाल खोचलेला आणि हाताला पीठ. त्यांनी मुलाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन ताट घेऊन आल्या. ताट उंबरठ्यावरून पलीकडे गेलं. कलमात ताटाला मनाई नाही.

"तुम्ही जा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी येत नाही. माझा तवा तापलाय."

श्रीकांतरावांनी जाकीट नीट केलं. मग ते जिना उतरले. रिक्षात ते मला म्हणाले की दोन तासांचाच प्रश्न आहे, दोन तासांत काय होतंय, पोरगं काही पळून चाललं नाही. मी हो म्हणालो. समारंभाला उशीर होत होता.

समारंभ उत्तम झाला. श्रीकांतरावांनी समई लावली. भगवंतरावांनी दात आवळून त्यांना शाल पांघरली. खड्डा भगवंतरावांच्या मापाचा असल्यामुळे श्रीकांतराव सोफ्यावर डावीकडे कलंडून बसले होते आणि उजवी बाजू रिकामी होती. पंख्याचा वारा मात्र थेट लागत होता. भाषण करा म्हणून आग्रह झाल्यावर ते उठले आणि म्हणाले की तेजस रस्त्यात आहे, तुम्हा सगळ्यांचे आशीर्वाद असू द्या. टाळ्या पडल्या. मसालेभाताचं पहिलं ताट त्यांच्यापुढे आलं. मी बघत होतो, त्यांनी काजू तेवढे बाजूला काढले आणि रुमालात बांधले. नातीसाठी असावेत.

नारळ, शाल आणि पुष्पगुच्छ पोचवायला मी त्यांच्याबरोबर परत गेलो. रंजनाताई बाहेर जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी रिकामं ताट होतं. पायपुसणं मोकळं होतं.

श्रीकांतरावांनी विचारलं की आत आहे का.

"गेला," त्या म्हणाल्या. "छोटीची उद्या परीक्षा आहे. पुन्हा पंजागुट्टा लागतो ना मधे."

"बसला असेल की घटकाभर."

"बसला नाही. दारात उभं राहून जेवलं माझं लेकरू. चार धपाटे खाल्ले. मी किती म्हटलं, काढ रे बूट. नको म्हणाला, बाबा नको म्हणाले." त्यांनी ताट उचललं. "लहानपणापासून तुमचं एक कधी ऐकलं नाही त्याने. आज ऐकलं."

श्रीकांतराव तसेच शाल अंगावर घेऊन पायरीवर बसले.  मी हिशेब केला तर चिटणीस या नात्याने मला आनंदाचीच बातमी द्यायची होती: पादत्राण निघालं नव्हतं, उंबरठा ओलांडला गेला नव्हता, म्हणजे संक्रांतीचा प्रवास अजून चालू होता आणि पुढल्या वर्षीचा सोफाही त्यांचाच होता. मी ती दिली. श्रीकांतराव म्हणाले, नारळ तिकडे ठेवा.

मग त्यांनी तेजसला फोन लावला. कुठवर आलास, असं विचारलं. तो म्हणाला की घरी पोचलोच बाबा, लिफ्टमध्येच आहे. मागून भाजीवाल्याची हाळी आणि तीन-चार रिक्षांचे भोंगे ऐकू येत होते.

"तेजस," श्रीकांतराव म्हणाले, "बूट काढून ये एकदा. मला सोफा नको."

"हौ बाबा," तेजस म्हणाला. "निघालो."

रंजनाताई आत गेल्या आणि गॅस लावल्याचा आवाज आला.

मला तेवढ्यात रसिकाचा फोन आला. ती जेवायची थांबली होती. मी तिला 'निघालोच' म्हणून सांगितलं आणि पहिला धपाटा गरम आहे तोवर खाऊन घ्यावा म्हणून आत जाऊन पाटावर बसलो.

कार्यकारिणीने आता हा सन्मान मंडळाबाहेरच्या मराठी माणसांनाही खुला केला आहे. अंतराची अट नाही, विमानाचं तिकीट लागत नाही, शहर कुठलंही चालेल. ही गोष्ट वाचायला घेण्याआधी तुम्ही फोनवर कुणाला तरी 'निघालो' म्हणाला होतात, ते तेवढं आठवून कळवायचं आहे. घाई नाही. तुम्ही गोष्ट शेवटपर्यंत वाचलीत, म्हणजे तुमचा प्रवास चालू आहे. तिकडे तवा तापलाय.